शुभंकरांशी, म्हणजे मानसिक आजार असलेल्याची काळजी घेणाऱ्या घरच्यांशी, कसं बोलावं, हे रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना शिकवायला नको का?

कोथरूडची ताई
माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. पुण्यातल्या एका रुग्णालयातून पहिल्यांदा घरी सोडलं, तेव्हा आईला एवढंच सांगितलं: "गोळ्या चुकवू देऊ नका, वाद घालू नका." तो ताट सारून "यात विष कालवलंय" म्हणाला तर काय करायचं? आई गोळी कुटून वरणात मिसळायला लागली. एके दिवशी त्याने पाहिलं. मग तीन महिने तो फक्त बंद पुड्यातली बिस्किटं खात होता.

चूक आईची नाही आणि त्या सिस्टरचीही नाही, दोघींनाही कोणी शिकवलंच नव्हतं. घरात सतत टोचून बोललं जात असेल तर आजार उलटायची शक्यता वाढते आणि घरच्यांना नीट शिकवलं तर ती कमी होते, हे संशोधनातून कधीच पुढे आलंय. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या मेरिडेन कार्यक्रमात कर्मचाऱ्यांना त्याचंच प्रशिक्षण देतात. आपल्याकडे का नाही?

ओपीडीतला समाजसेवक
ताई, तुमचं दुःख कळतं, पण मला हे पटत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात केरळ सोडलं तर पाहणी झालेल्या एकाही राज्यात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञ भरत नव्हता. माझ्या वाट्याला एका घरासाठी पाच मिनिटं येतात. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र फायलीला लागेल आणि सोमवारी रांग तेवढीच असेल. आधी माणसं भरा.

एक शुभार्थी
मला स्वतःला मानसिक आजार आहे, म्हणजे मी शुभार्थी. माझा विरोध वेगळ्या कारणाने. डॉक्टरांना एकांतात सांगितलेलं मी संध्याकाळी वडिलांच्या तोंडून ऐकलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क मला दिलाय, उपचारांच्या निर्णयांत साथ देणारा नामनिर्देशित प्रतिनिधी निवडायचा हक्कही माझाच. घरच्यांशी काय बोलायचं, हे आधी मला विचारा.

कोथरूडची ताई
शुभार्थी, हे मी लिहायला हवं होतं. प्रशिक्षणाचा पहिला धडा तोच असावा.

दादा, पाच मिनिटंच असतील तर ती कशी वापरायची, हे शिकायला नको? भावाला क्लोझापिन हे औषध सुरू झालं तेव्हा एका सिस्टरने आईला बाजूला बसवून सांगितलं, "ताप आला, घसा दुखला तर थांबू नका, त्याच दिवशी रक्त तपासा." दोन मिनिटं लागली असतील. आईला आजही पाठ आहे. अमृतसरला १९५० च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विद्यासागर यांनी दाटीच्या मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना सोबत ठेवून घेतलं होतं. तिथे काय कर्मचारी उतू जात होते?

ओपीडीतला समाजसेवक
दोन मिनिटांचं मान्य. तंबूचं नाही. हडपसरहून येणारी बाई दिवसाची मजुरी बुडवून येते, ती राहणार कशी? आणि शिकलेल्या सिस्टरचं कंत्राट संपलं की आम्ही पुन्हा पहिल्यापासून.

एक शुभार्थी
ताई, वरणाची गोष्ट इथे लिहिण्याआधी भावाला विचारलंत?

कोथरूडची ताई
विचारलं. "लिही" म्हणाला. वर म्हणाला, "तेव्हा मला खूप भूक लागली होती. आईने माझ्याच ताटातला एक घास आधी खाल्ला असता ना, तर मी जेवलो असतो."