सड्याचे फोटो सपाट येतात, काय करू?

चाकरमानी_राजापूर:
नमस्कार मंडळी. गणपतीला गावी आलोय, राजापूर तालुक्यात, समुद्राकडच्या अंगाला. घरामागची पाणंद चढून गेलं की दहा मिनिटांत सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, लागतो. सीतेची आसवं ही इवली जांभळी फुलं यंदा एवढी आलीत की कातळ लांबून जांभळट दिसतो, मधेमधे गेंदाच्या फुलांचे पांढरे ठिपके, खळग्यांत पाणी साचलेलं, पलीकडे काळं आभाळ आणि त्याच्याखाली समुद्राची एक रेघ. काल सकाळी अकरा ते एक तिथेच होतो, दीडशेच्या वर फोटो काढले आणि घरी येऊन लॅपटॉपवर बघितले तर सगळे एकसारखे. खाली अर्धा फोटो तपकिरी-हिरवा, वर अर्धा पांढरा. फुलं शोधावी लागतात. तिथे उभं राहिल्यावर जे अंगावर येतं त्यातलं काहीच फोटोत नाही.

क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर आहे, १८-५५ ची किट लेन्स, चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर आहे. ट्रायपॉड मुंबईला राहिलाय. तीन फोटो टाकलेत, मोकळेपणाने सांगा काय चुकतंय. परतीची गाडी रविवारी आहे म्हणजे चार दिवस हातात आहेत. लहानपणी आजोबांबरोबर गुरं घेऊन याच सड्यावर जायचो, आता शेजारी चिरेखाण, म्हणजे जांभा दगडाची खाण, सुरू झालीय आणि दरवर्षी ती थोडी थोडी पुढे सरकतेय, म्हणून हा सडा एकदा तरी नीट फोटोत यावा असं फार वाटतंय.

शटरवेडी:
दादा, तिन्ही फोटो उभं राहून काढलेत ना? तिथेच घोळ आहे. आसवांचं फूल जमिनीपासून वीतभरही वर नसतं, पाच-साडेपाच फुटांवरून बघितलं की ते वरून दिसतं आणि कातळात मिसळून जातं. खाली बसा, बसा कसले, आडवेच व्हा. कॅमेरा फुलाच्या उंचीला आला की तेच फूल आभाळासमोर उभं राहतं, त्याच्यामागे दुसरं, मग तिसरं, मग कातळ, मग ढग. डोळ्याला चालत जायला वाट मिळते.

फोन असेल तर आणखी सोपं, फोन उलटा धरायचा म्हणजे लेन्स खाली येते, जवळजवळ जमिनीला टेकते. माझे सड्याचे सगळ्यात आवडते दोन फोटो असेच फोनवर आलेत.

एकच विनंती, आडवं व्हायला उघडा कातळ शोधा, फुलांवर नको. प्लास्टिकचं पोतं नेलं तर कपडेही वाचतात. मागच्या वर्षी एका प्रसिद्ध पठारावर लोक फोटोसाठी सरळ फुलांत लोळताना बघितले, एका दिवसात माणूसभर आकाराचे चट्टे पडले होते. आपल्या गावच्या सड्यावर कुंपण नाही, राखण करणारं कोणी नाही, तर आपणच जपायला हवं.

एफ_अकरा:
वरचं सगळं बरोबर, त्यात थोडं तांत्रिक घालतो. तुमच्या क्रॉप सेन्सरवर १८ मिमीला लेन्सचं छिद्र एफ ११ ठेवून साधारण दीड मीटरवर फोकस केलात तर पाऊण मीटरच्या थोडं पुढून ते पार क्षितिजापर्यंत सगळं शार्प मिळतं. फूल त्याहून जवळ हवं असेल, म्हणजे फूटभर अंतरावर, तर एका फोटोत जमणार नाही, एक फोकस फुलावर आणि एक मागच्या कातळावर असे दोन काढा आणि घरी जोडा. एफ २२ च्या मोहात पडू नका, छिद्र इतकं बारीक झालं की डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो मऊ होतो.

आभाळ पांढरं का येतंय तर ओला जांभा जवळजवळ काळा असतो, कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं मीटर त्याच्याकडे बघून एक्स्पोजर वाढवतं आणि ढग जळतात, म्हणजे नुसते पांढरे होतात. जेपेगऐवजी रॉ फाइलमध्ये काढा, हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटू देऊ नका, कातळ काळा आला तरी चालेल, त्याच्या सावल्या नंतर उचलता येतात. जळलेला ढग मात्र परत येत नाही.

आणि अकरा ते एक ही वेळच सोडा. ऊन डोक्यावर असलं की कातळाच्या खाचाखोचांना सावलीच पडत नाही, मग सपाट दिसणार नाहीतर काय. संध्याकाळी पाच-साडेपाचला जा. तेव्हाही सगळे पश्चिमेकडे तोंड करून सूर्यास्त काढतात, तुम्ही दक्षिणेकडे नाहीतर उत्तरेकडे वळा, सूर्य खांद्याच्या बाजूला ठेवा. आडवं ऊन आलं की बोटभर गवताचीसुद्धा हातभर सावली पडते.

चाकरमानी_राजापूर:
दोघांचेही मनापासून आभार. दोन अडचणी विचारतो. वारा भन्नाट आहे, फुलं एक क्षण स्थिर राहत नाहीत. आणि पोलरायझर लावून हिरवा रंग खुलवला, वर सॅच्युरेशनही थोडं वाढवलं (फोटो ३), तरी तो खरा वाटत नाही.

एफ_अकरा:
वाऱ्याला शटर १/२५० च्या खाली आणू नका, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० पर्यंत बिनधास्त न्या, थोडा ग्रेन, म्हणजे रवाळपणा, आला तर येऊ दे. पोलरायझर दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) हे लक्षात ठेवा.

शटरवेडी:
फोटो ३ बद्दल माझं मत स्पष्ट आहे, तो हिरवा आपल्या कोकणातला नाही. भाद्रपदात सड्यावरचं गवत पोपटी राहत नाही, टोकाला पिवळसर तांबूस व्हायला लागतं, तोच तर या दिवसांचा रंग. सॅच्युरेशन वाढवलंत की तो तांबूसपणा मरतो आणि आषाढातला फोटो वाटतो. पोलरायझर ओल्या कातळावरची चकाकी काढायला घ्या, पण खळग्यातल्या पाण्यावर बघून फिरवा, जास्त फिरवलात तर पाण्यातलं आभाळही निघून जातं आणि खाली नुसता चिखल दिसतो. त्या खळग्यातलं आभाळ हाच तुमच्या फोटो १ मधला सगळ्यात चांगला भाग आहे.

एफ_अकरा:
ताई, सॅच्युरेशनबद्दल मी इतका कडक नाही, रॉ फाइल मुळात फिकीच असते, थोडं उचलावंच लागतं. पण या फोटोत जास्त झालंय हे खरं.

कातळवाट:
मी रत्नागिरीतच असतो, सडे हा माझा रोजचा रस्ता. आधी भरल्या पावसातली काळजी सांगतो. बाहेरून आलात की कॅमेरा लगेच कपाटात टाकू नका, पुसून पंख्याखाली अर्धा तास ठेवा, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर. माझी एक लेन्स एका पावसाळ्यात बुरशीने गेली, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसायला लागले, तेव्हापासून ही सवय.

फोटोत खोली यावी म्हणून सड्यावर गडगे, म्हणजे दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती, शोधा. जांभ्याचा जुना गडगा, शेवाळ धरलेला, कोपऱ्यातून सुरू होऊन समुद्राकडे उतरत गेलेला, याच्याइतकी चांगली लाइन दुसरी मिळणार नाही. त्याच्या शेजारी माणूस नाहीतर गुरं आली तर सडा केवढा मोठा आहे ते कळतं.

आणि तुम्ही राजापूरकडचे, म्हणजे कशेळी, बारसू, देवाचं गोठणं सगळं जवळच. तिथली कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली प्राचीन चित्रं, कधी प्रकाशासाठी म्हणून बघितलीत का? कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आहे, त्याच्या पोटात इतर प्राण्यांची कितीतरी चित्रं खोदलीत, आणि भर दुपारी गेलात तर बऱ्याच रेषा पायाखाली असून दिसत नाहीत. कोरीव रेष आहेच किती खोल, ऊन डोक्यावरून तिच्या तळापर्यंत पोचतं आणि रेष बुजते. सकाळी कोवळं ऊन आडवं आलं की प्रत्येक रेषेच्या एका काठाला उजेड आणि दुसऱ्याला काळोख, हत्तीचा पाय, सोंड, पोटातले प्राणी सगळं एकामागून एक वर येतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धा तास कॅमेरा पिशवीतून काढलाच नव्हता. आता गवतात आणि पाण्यात बरंचसं झाकलेलं असेल, दिवाळीनंतर गवत वाळलं की या. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली तेव्हापासून माणसं येऊ लागलीत, बरं वाटतं, पण रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडूने गिरवतात ते बघवत नाही. खडू लागतच नाही, सूर्य उगवायच्या आत टॉर्च जमिनीलगत बाजूने धरला तरी सगळं दिसतं.

चाकरमानी_राजापूर:
मंडळी, फोटो ४ टाकलाय. काल संध्याकाळी साडेपाचला गेलो, आधी तासभर ढग होते, मग समुद्राच्या वर एक फट पडली आणि जेमतेम वीस मिनिटं ऊन आलं. गडगा आमच्याच जुन्या कलमांच्या वरचा. कॅमेरा पोत्यावर टेकवून काढला, एफ ११, १/२५०, आयएसओ ८००. पुढे आसवांची सात-आठ फुलं, एकाच्या देठावर पाण्याचा थेंब तसाच राहिलाय, मग खळगं, त्यात तो पिवळा ढग, आणि गडगा सरळ चिरेखाणीच्या कडेपर्यंत गेलाय. खाण कापून काढावी का म्हणून खूप विचार केला, पण ती आहे तर आहे, ठेवली.

बाबांना दाखवला. त्यांनी झूम करून गडग्याची एक खिंड दाखवली, म्हणाले इथून आजोबा गुरं आत घ्यायचे, मधला दगड ते रोज काढून परत लावायचे. मला हे माहीतच नव्हतं. दगड अजून तिथेच बाजूला पडलेला आहे, फोटोत डावीकडे दिसतोय बघा.

शटरवेडी:
फुलाच्या उंचीवर आलात आणि सडा उभा राहिला! खाण ठेवलीत ते फार बरं केलंत. फक्त क्षितिज उजवीकडे जरासं उतरलंय, समुद्र असला की लगेच कळतं, तेवढं सरळ करा.

चाकरमानी_राजापूर:
केलं सरळ, ताई. दिवाळीनंतर चार दिवस सुट्टी टाकलीय, यावेळी ट्रायपॉड घेऊन. कातळवाट, कशेळीच्या हत्तीसाठी पहाटे किती वाजता पोचायला हवं?

कातळवाट:
साडेपाचला. टॉर्च आणा, आणि उंचीवरून घ्यायला एखादी शिडी गावात मिळते का ते मी बघून ठेवतो.