मदत हवी आहे : मासिक सभेच्या व्हिडिओ कॉलसाठी जित्सी हे सॉफ्टवेअर ठेवावं की बिगब्लूबटन घ्यावं?

अर्धविराम : लिनक्स गटाची मासिक सभा ऑनलाइन न्यायची आहे. ४०-५० जण, दोन तास, टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) प्रात्यक्षिक, नंतर प्रश्नोत्तरं. निम्मे लोक मोबाइल डेटावर. रेकॉर्डिंग हवंच. फुकटातलं झूम ४० मिनिटांत संपतं, गूगल मीट तासाभरात. भाड्याचा सर्व्हर आहे : ४ कोर, ८ जीबी. त्यावर जित्सी बसवलं. दोघं असेपर्यंत झकास, तिसरा आला की आवाज-चित्र दोन्ही गायब. बिगब्लूबटनकडे वळावं का?

नळजोडणी : थांबा, एवढ्यावरून जित्सी बदलू नका. दोघंच असतात तेव्हा ब्राउझर थेट एकमेकांशी बोलतात. तिसरा आला की सगळी वाहतूक सर्व्हरवरच्या व्हिडिओब्रिजकडे वळते आणि त्याला यूडीपी (डेटा झटपट पाठवायची पद्धत) १०००० हे पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं ठरावीक दार, लागतं. ते सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये उघडा आणि भाडेवाल्याच्या वेबपॅनेलमध्येही. दुसरं हमखास विसरतं. तरीही रडलं तर सर्व्हर नॅटमागे (खासगी पत्त्याचं सार्वजनिक पत्त्यात रूपांतर करणाऱ्या सोयीमागे) असेल, म्हणजे ब्रिज आपला खासगी पत्ताच सगळ्यांना सांगत बसलाय. सेटिंगमध्ये सार्वजनिक पत्ता द्या. चाचणी मात्र तिघांनी तीन वेगळ्या नेटवरून करा, एकाच वायफायवरून नको.

ऑफिसच्या नेटवर यूडीपी अडवलेलं असतं. तसे सभासद असतील तर टर्न सर्व्हर (अडलेली वाहतूक मध्ये राहून पोचवणारा) ४४३ या पोर्टवर टीसीपीने (वेबसाइटच्या नेहमीच्या वाटेने) मिळेल अशी सोय हवी.

तिरपीरेघ : बँडविड्थचा हिशेब आधी मांडा. ब्रिज चित्रं एकत्र करत नाही, नुसती पुढे ढकलतो. वक्त्याचं चित्र २ एमबीपीएस धरलं तरी ५० जणांना मिळून १०० एमबीपीएस बाहेर जाणार. त्यामुळे येणाऱ्याचा कॅमेरा आणि माइक सुरुवातीला बंदच राहील असं कॉन्फिगमध्ये ठरवा, चॅनललास्टएन (प्रत्येकाला एका वेळी किती जणांची चित्रं पाठवायची तो आकडा) २-३ वर आणा. मोबाइल डेटावाले आशीर्वाद देतील.

बिगब्लूबटन तुमच्या मशीनवर विसरा. त्याला १६ जीबी, ८ कोर आणि उबुंटूची कोरी मशीन लागते. फळा, मतदान, छोट्या खोल्या असं सगळं लागणारी कार्यशाळा असेल तर त्याला तोड नाही. भाषणासाठी एवढा संसार कशाला?

अर्धविराम : पोर्ट पॅनेलमध्येच बंद होतं. तिघांचं चाललं, आभार! रेकॉर्डिंगला जिब्री (जित्सीचं रेकॉर्डिंगचं साधन) टाकू का?

तिरपीरेघ : त्याच मशीनवर नको. जिब्री आत अख्खा क्रोम ब्राउझर आणि एफएफएमपेग (व्हिडिओवर प्रक्रिया करणारं साधन) चालवतं, सीपीयू खाऊन टाकेल. शिवाय एका वेळी एकच सभा. त्यापेक्षा एका स्वयंसेवकाने श्रोता म्हणून आत यावं आणि ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने स्क्रीन टिपावी. फाइल एमकेव्ही या व्हिडिओ प्रकारात ठेवा. मध्येच लॅपटॉप बंद पडला तरी तोवरचं शाबूत राहतं, साध्या एमपी४ची खात्री नाही. ओबीएसमधूनच यूट्यूबवर थेट सोडता येईल, म्हणजे नुसतं ऐकणारे तिकडे जातील आणि सर्व्हरचा भार उतरेल. नव्या चॅनलला थेट प्रक्षेपण सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागतात, आदल्या दिवशीच चालू करा.

नळजोडणी : आणि वक्त्याला टर्मिनलचा फॉन्ट २० च्या वर ठेवायला सांगा. अख्खी स्क्रीन न दाखवता फक्त टर्मिनलची खिडकी शेअर करायची.