'स्पीकईझी'ला मराठीत काय म्हणावे?

'स्पीकईझी', म्हणजे अमेरिकेतील चोरट्या दारूविक्रीची जागा, यासाठी 'गुत्ता' हा प्रतिशब्द अनेकांना चटकन सुचतो. मला मात्र तो मान्य नाही. 'गुत्ता' म्हणजे मुळात मक्ता, आणि सरकारकडून विक्रीचा हक्क घेतलेल्या मक्तेदाराचे दुकान या अर्थाने 'दारूचा गुत्ता' रूढ झाला. स्पीकईझीची ओळख याच्या नेमकी उलट आहे. हा शब्द अमेरिकेतील दारूबंदीच्याही आधीचा असून, १८८०च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियात परवानाशुल्क भरमसाट वाढल्यावर जे विनापरवाना दारू विकू लागले, त्यांच्या ठिकाणांना तो लावला जाई. बाहेर सुगावा लागू नये म्हणून तेथे हळू बोलावे लागे, त्यावरूनच हे नाव.

'मद्यपानबंदी' हा शब्दही अमेरिकेतील दारूबंदीच्या काळासाठी टाळावा. १७ जानेवारी १९२० पासून लागू झालेल्या अमेरिकेच्या अठराव्या घटनादुरुस्तीने मद्याचे उत्पादन, विक्री, वाहतूक आणि आयात-निर्यात यांवर बंदी घातली. पिणे हा त्या दुरुस्तीनुसार गुन्हा नव्हता. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मात्र परवान्याविना मद्य बाळगणे आणि पिणे हेही गुन्हे ठरवले. आपल्या मनातील 'दारूबंदी' या दुसऱ्या कायद्याने घडवलेली आहे, म्हणून अनुवादकाने हा फरक एका वाक्यात तरी सांगितलाच पाहिजे.

त्याहून महत्त्वाचा आहे या जागांचा सामाजिक रंग. बंदीपूर्वीचे सलून, म्हणजे तिथले मद्यालय, हे प्रामुख्याने पुरुषांचे ठिकाण होते, तर स्पीकईझीत स्त्रिया उघडपणे येऊ लागल्या, पिऊ लागल्या आणि जॅझच्या तालावर नाचू लागल्या. चोरटी दारू विकणाऱ्या नाइटक्लबांनाही हेच लागू होते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कॉटन क्लबात १९२७पासून जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद वाजत असे. पण मंचावर कृष्णवर्णीय कलावंत आणि समोर जवळजवळ केवळ गोरे प्रेक्षक, अशी तेथील अन्यायकारक व्यवस्था होती. 'गुत्ता' म्हटले की यातले काहीच डोळ्यांपुढे येत नाही.

माझ्या मते 'अड्डा' हा शब्द सर्वांत जवळचा आहे. मुंबईत दारूबंदीच्या वर्षांत घरगुती चोरट्या विक्रीच्या जागांना 'आंटीचा अड्डा' म्हणत, त्यामुळे त्यातील लपवाछपवी मराठी वाचकाला वेगळी समजावावी लागत नाही. संगीत आणि नृत्य मात्र त्यात येत नाही. म्हणून पहिल्या उल्लेखात 'स्पीकईझी, म्हणजे चोरटा मद्याचा अड्डा' असे लिहून पुढे नुसते 'अड्डा' वापरावे, आणि कॉटन क्लबसारख्या जागांसाठी 'नाइटक्लब' हाच शब्द ठेवावा.