फिलिपिन्सला दोन वर्षं राहायला जायचंय: व्हिसा, घर, शाकाहार आणि मागं राहणारं वावर

बांधावरची (ता. साकोली, जि. भंडारा)

नमस्कार मंडळी. यांना फिलिपिन्सात लागुना प्रांतात, लॉस बान्योसजवळ एका खासगी बियाणे कंपनीत दोन वर्षांच्या करारावर काम मिळालं आहे. सोबत मी आणि चार वर्षांची मुलगी. मी पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. मधला एजंट म्हणतो, "भारतीयांना आता १४ दिवस व्हिसा लागत नाही, तसेच या, कामाचा व्हिसा इथं आल्यावर करून देऊ." हे बरोबर आहे का? घर घेताना काय पाहायचं? इथून कोणतं सामान न्यावं? तिथं राहण्यातलं चांगलं आणि अवघड, दोन्ही स्पष्ट सांगा. गोड बोलून धाडू नका.

धानपट्टा

ताई, आधी एजंटचं बोलणं बाजूला ठेवा. जून २०२५ पासून भारतीयांना १४ दिवसांचा विनाव्हिसा प्रवेश मिळतो हे खरं, पण तो फक्त फिरायला येणाऱ्यांसाठी. त्याची मुदत वाढत नाही आणि तिथं बसून तो दुसऱ्या प्रकारच्या व्हिसात बदलतही नाही. म्हणजे पंधराव्या दिवशी कागद अर्धवट टाकून देश सोडायची पाळी. तिथं जाऊन कामाचा व्हिसा करायचाच असेल, तर निदान फिलिपिन्सच्या वकिलातीतून रीतसर पर्यटक व्हिसा, म्हणजे ९ए, घेऊन जा. त्यावरून ९जी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, करता येतो.

९जीच्या आधी तिथल्या कामगार खात्याचा परवाना लागतो. त्याला एईपी म्हणतात. ही जागा स्थानिक माणसाकडून भरता येत नाही हे कंपनीला दाखवावं लागतं, त्यासाठी जाहिरात द्यावी लागते, त्यात वेळ जातो. तोवर काम सुरू करायचं तर इमिग्रेशनकडून तात्पुरता परवाना, पीडब्ल्यूपी, काढतात. तो हातात येईपर्यंत कामाला हात लावू नका. "बिनपगारी ट्रेनिंग आहे" असं सांगितलं तरी तपासणीत ते कामच धरलं जाऊ शकतं, आणि दंड, हकालपट्टी माणसाच्या नावावर लागते.

एईपी त्या कंपनीला आणि त्या पदाला बांधलेला असतो. नोकरी बदलली की सगळं पुन्हा. म्हणून करारात हे लेखी घ्या: तिघांच्याही व्हिसाचा खर्च कोणाचा, मुदतीआधी काम संपलं तर परतीची तिकिटं कोणाची, आरोग्य विम्याच्या कार्डात तुम्ही आणि मुलगी आहात की नाही. तेराव्या महिन्याचा पगार तिथं कायद्यानंच २४ डिसेंबरच्या आत द्यावा लागतो. तो वेगळा मिळणार की ठरलेल्या रकमेतच धरलाय, हे आकड्यात विचारा.

व्हिसा झाला की एसीआर आय-कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, मिळतं. मग दरवर्षी १ जानेवारी ते १ मार्चच्या आत इमिग्रेशनच्या कार्यालयात वार्षिक हजेरी लावायची, मुलीचीही. लोक हेच विसरतात आणि दंड भरतात. प्रवासाआधीचा ई-ट्रॅव्हल फॉर्म पोचायच्या आधीच्या ७२ तासांत भरायचा असतो आणि तो फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती बनावट समजा.

तुमसर रोड

घराबद्दल. तिथली रीत एक महिना आगाऊ आणि दोन महिने डिपॉझिट. त्याशिवाय बरेच घरमालक वर्षभराचे पुढच्या तारखांचे १२ चेक मागतात. इथं नवीन माणूस अडकतो, कारण आय-कार्ड येईपर्यंत बँकेत चेकचं खातं मिळणं कठीण. उपाय एकच: पहिल्या वर्षीचा भाडेकरार कंपनीच्या नावानं करून घ्या.

जागा पाहताना पुराचं आधी पाहा. लॉस बान्योस एका बाजूनं माकिलिंग डोंगराला आणि दुसऱ्या बाजूनं लागुना दे बे या मोठ्या तलावाला टेकलेलं आहे. बायोग, मायोंडोन ही तलावाकाठची वस्ती. सप्टेंबर २००९ च्या ओंदोय वादळात मनिलात एका दिवसात ४५५ मिमी पाऊस झाला आणि तलाव फुगून काठावरच्या वस्त्यांत पाणी महिनोन्‌महिने उभं राहिलं. आपल्याकडं वैनगंगेचा पूर दोन-चार दिवसांत उतरतो, तलावाचं पाणी तसं उतरत नाही. भाडं कमी दिसलं म्हणून काठाला जाऊ नका, विद्यापीठाच्या बाजूला वर चढून पाहा. घरमालकाला विचारू नका, शेजारच्या दुकानात विचारा: "बिनाबाहा पो बा दितो?" म्हणजे इथं पूर येतो का. भिंतीवर पाण्याची जुनी रेघ दिसते का, तेही पाहा.

वादळाचे इशारे पागासा ही सरकारी संस्था सिग्नल १ ते ५ असे देते. वर्षाला साधारण २० चक्रीवादळं त्यांच्या हद्दीत येतात, जुलै ते ऑक्टोबर जोर. सिग्नल लागला की पाणी भरून ठेवा, पॉवर बँक चार्ज करा, दोन दिवस पुरेल असं बिनाशिजवायचं खाणं आणि थोडी रोख घरात असू द्या, कारण वीज गेली की एटीएमही बंद पडतात. वीज जाण्याला तिथं ब्राउनआउट म्हणतात. पुराच्या पाण्यातून अनवाणी चालू नका. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, पायाला जखम असली तर आणखी धोका. पुढच्या महिनाभरात कधीही ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरला पाण्यातून चाललो हे आधी सांगायचं.

उन्हाळ्याबद्दल आपल्या लोकांचा अंदाज चुकतो. तिथं पारा भंडाऱ्यासारखा ४५ ला जात नाही, ३३-३४ वरच असतो, पण हवेत दमटपणा इतका की घाम वाळत नाही. आपला कूलर तिथं कामाचा नाही. कूलर थंड करतो तो पाणी सुकवून, आणि ओल्या हवेत पाणी सुकतच नाही, उलट घरात बुरशी धरते. एसी लागतो, आणि वीज महाग, युनिटला दहा पेसोंच्या वर. एक पेसो साधारण दीड रुपया धरा. इन्व्हर्टर एसी असलेलं घर थोडं जास्त भाड्यानंही परवडतं.

विजेचा दाब २२० व्होल्ट, आपल्याजवळचाच, पण ६० हर्ट्झ (आपल्याकडं ५०). मिक्सरची मोटर कार्बन ब्रशवाली असते, तिला फरक पडत नाही, खुशाल न्या. पंखा, ओला ग्राइंडर यांच्या मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो. त्या जास्त जोरात फिरून तापतात, ते इथून नेऊ नका. पिन तिथं दोन चपट्या पट्ट्यांची, आपली गोल पिन बसत नाही. अडॅप्टरवर मिक्सर चालवला की सैल बसून ठिणगी उडते, म्हणून तिथल्या इलेक्ट्रिशियनकडून प्लगच बदलून घ्या.

अन्नपूर्णा, वरोरा

ताई, अंडंही न खाणाऱ्याला बाहेर जेवणं तिथं अवघड आहे, घरी मात्र काही अडत नाही. हे आधीच ठरवून जा.

बाजारात आपल्या ओळखीचंच सगळं आहे, नावं तेवढी वेगळी. तालोंग म्हणजे वांगी, ओक्रा भेंडी, आम्पालाया कारलं, उपो लवकी, पातोला दोडका, सिताव बरबटीच्या शेंगा, कालाबासा कोहळं, कांगकोंग नाळीची भाजी, मालुंगाय शेवग्याचा पाला, लुया आलं, बावांग लसूण, सांपालोक चिंच, वानसोय म्हणजे आपला सांबार (कोथिंबीर). सकाळी पालेंगकेला, म्हणजे बाजाराला, जा. मॉलमध्ये भाजी दुपटीनं पडते. कांद्याला सिबुयास म्हणतात. २०२२ च्या शेवटी तिथं कांदा किलोला ७०० पेसोंपर्यंत गेला होता, म्हणून भाव वाढताना दिसला तर थोडा साठवा.

डाळीत मुंग सगळीकडं, मोंग्गो नावानं. तुरीची डाळ, कणीक, ज्वारीचं पीठ, हिंग यांसाठी मनिलातली भारतीय दुकानं. पाको भागात युनायटेड नेशन्स अव्हेन्यूवर गुरुद्वारा आहे, जवळच महात्मा गांधी रस्त्यावर हिंदू मंदिर. त्या बाजूला गेलात की महिन्याचं सामान एकदम आणा. टोफूला तोकवा म्हणतात, प्रत्येक बाजारात ताजा आणि स्वस्त. मुलीच्या प्रथिनांचा प्रश्न त्यानं सुटतो. दूध बहुतेक डब्यातलं, खूप तापवलेलं असतं. दही छान लागतं, पनीर मात्र भुसभुशीत आणि कमी निघतं, त्यात दूध वाया घालू नका.

भात तिथला चिकट वळणाचा. उकड्या तांदळाची सवय असेल तर तो सहज मिळणार नाही. पाणी कमी घालून पाहा, तांदळाच्या सव्वा पटीनं सुरुवात करा.

बाहेर फसवणारे पदार्थ: पिनाकबेत नावाची मिश्र भाजी दिसायला आपलीच, पण त्यात बागोओंग, म्हणजे आंबवलेली झिंग्यांची पेस्ट, असते. मोंग्गोच्या वरणात डुकराचं मांस किंवा सुकी मासळी घालतात. साधी तांदळाची पेज, लुगाव, तीही पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजते. "शाकाहारी" म्हटलं की "मांस थोडंच आहे" असं उत्तर येतं, कारण त्यांच्या मनात भाजी म्हणजे त्यात चवीला काहीतरी हवंच. म्हणून एकेक वस्तू नावानं नाकारा: "वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग पातिस, वालांग बागोओंग, वालांग इतलोग पो." मांस नको, मासा नको, माशाचं पाणी नको, झिंग्यांची पेस्ट नको, अंडं नको. रस्त्यावरचं बिनधास्त चालणारं म्हणजे ताहो (मऊ टोफू, गुळाचा पाक, साबुदाणा) आणि गोड केळी, बनाना क्यू.

इथून न्या: इंडक्शनवर चालणारा पोलादी कुकर, त्याच्या दोन-तीन रबरी रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, कारण तिथं तुमच्या मापाची रिंग सापडणार नाही. जवसाची चटणी, तिखट, हळद लहान पाकिटांत, पोचल्याबरोबर फ्रीजरमध्ये. बरणी उघडी ठेवली तर पंधरा दिवसांत जाळी धरते. बियाणं, ताजी फळं, कढीपत्त्याचं रोप नेऊ नका, विमानतळावर ते काढून घेतात. आणखी एक: विमान सिंगापूरमार्गे असेल तर खसखस, किंवा खसखस घातलेला सावजी मसाला, बॅगेत अजिबात नको. सिंगापुरात खसखशीवर बंदी आहे.

बांधावरची

मनापासून आभार. एजंटला आज स्पष्ट सांगितलं. शेतीचं राहिलं. पाच एकर धानाचं वावर आहे, तीन एकर यांच्या नावानं, दोन मामाजींच्या (सासऱ्यांच्या). मामाजी इथंच राहतील. पगारातून वाचवून शेजारची दीड एकर बांधी घ्यायचा विचार आहे.

सातबारा

ती बांधी जायच्या आधी घ्या, नाहीतर मामाजींच्या नावानं घ्या. नोकरीसाठी बाहेर गेलेला माणूस परकीय चलन कायद्यानं अनिवासी होतो, आणि अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. आहे ती ठेवता येते, वारसानं येणारीही चालते. तिकडून भाऊंनी (तुमच्या यजमानांनी) पैसे पाठवायचे आणि जमीन भाऊंच्याच नावावर करायची, हे जमणार नाही. मामाजींना दिलेली रक्कम बँकेतून, देणगी म्हणून नोंद करून द्या.

बचत खातं एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासींच्या खात्यात, बदलायला बँकेला कळवा. भाऊंच्या तीन एकरांवर पीएम-किसान येत असेल तर ते स्वतःहून बंद करा, अनिवासी त्या योजनेत बसत नाहीत आणि नंतर वसुली निघते. मामाजींचं मात्र त्यांच्या जमिनीवर त्यांच्या नावानं चालू राहतं.

ई-पीक पाहणीचा फोटो शेतात उभं राहूनच निघतो, म्हणून गावात राहणाऱ्या कोणाच्या तरी फोनवर दोन्ही खाती आत्ताच जोडून घ्या. पाहणी राहिली तर सातबारावर धान चढत नाही, आणि मग आधारभूत केंद्रावरची विक्री आणि बोनस अडकतो.

मुखत्यारपत्र जायच्या आधी मामाजींच्या नावानं दुय्यम निबंधकाकडं नोंदवून ठेवा. गट क्रमांक घाला आणि कामं मोजकी लिहा: धान विकणं, पीकविमा, मोजणी, तहसीलचं काम. विक्रीचा अधिकार उगाच देऊ नका. तिकडून करायची पाळी आली तर तिथं नोटरी, मग अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का (फिलिपिन्स त्या करारात २०१९ पासून आहे), आणि कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यायचा. भारतीय सिम रोमिंगसह चालू ठेवा. बँकेचा आणि आधारचा ओटीपी त्यावरच येतो.

धानपट्टा

ताई, तुमच्यासाठी वेगळं लिहितो. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला तिथं नोकरी करता येत नाही, स्वतःचा एईपी लागतो. दिवस लांब जातात, त्यामुळं पहिल्या महिन्यातच ओळखी करा. लॉस बान्योसला इरी ही आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था १९६० पासून आहे, आयआर-८ वाण तिथूनच १९६६ ला निघाला, आणि भारतीय संशोधकांची कुटुंबं तिथं कायम असतात. डाळ-तांदळापासून मुलांच्या डॉक्टरपर्यंत सगळं त्यांच्याकडून कळेल.

लोक मायाळू आहेत, हे त्या देशातलं सगळ्यात चांगलं. मोठ्या माणसाशी वाक्याच्या शेवटी "पो" लावा, दुकानदाराला "कुया" (दादा) किंवा "आते" (ताई) म्हणा. चारचौघांत आवाज चढवला तर काम तिथंच थांबतं. समोरचा हसेल, हो म्हणेल आणि करणार नाही. "बुंबाय" म्हणतील तेव्हा दर वेळी अपमान समजू नका, भारतीयाला तोच शब्द आहे. पण त्यामागं "फाइव्ह-सिक्स"ची छाया असते: पाच द्या, सहा घ्या, अशी मोटरसायकलवरून केलेली सावकारी. म्हणून ओळखीत कोणाला व्याजानं पैसे देऊ नका, कोणाकडून घेऊही नका.

तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं. मामाजींना फोन करायचा तर तिथले रात्रीचे साडेनऊ म्हणजे गावात सात. रोवणीच्या दिवसांत माणसं तेव्हाच घरी सापडतात.