एकच फडकं सगळ्या गाड्यांना

रेवती बी-७०३: सकाळी सकाळी लिहायचं नव्हतं पण आता राहवत नाही. माझ्या गाडीचं बॉनेट बेसमेंटच्या ट्यूबलाइटखाली उभं राहून बघा कुणीतरी, सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल गोल ओरखडे. अजून दुसरं सर्व्हिसिंग पण झालेलं नाही गाडीचं. आज आपला गाड्या पुसणारा शंकर ए विंगच्या सगळ्या गाड्या एका फडक्याने पुसून आला आणि तेच फडकं न पिळता न धुता माझ्या दारावर फिरवलं, माझ्या डोळ्यांदेखत. फोटो टाकलाय.

कुलकर्णी काका ए-२०१: सुप्रभात 🙏 फोटोत फक्त ट्यूबलाइट दिसतेय.

रेवती बी-७०३: काका, ट्यूबलाइटच्या बाजूला बघा. झूम करा.

कुलकर्णी काका ए-२०१: केलं. दिसलं. पण माझी पांढरी आहे, तिच्यावर असलं काही नाही.

निखिल बी-११०४: पांढरीवर पण असणार काका, फक्त दिसत नाहीत. काळ्या आणि गडद रंगावर प्रकाश पडला की लगेच उठून दिसतात.

जाधव सी-१०२: गाड्या धुवायच्या आधी टँकरचं बिल बघा. मार्चपासून सांगतोय.

जोशी काकू ए-४०४: अगं रेवती, त्याला मऊ फडकं दे ना. आमच्याकडे ह्यांचं जुनं धोतर आहे, इतकं मऊ की बाळाला पुसावं. मी शंकरला आधीच दिलंय एक.

रेवती बी-७०३: काकू तेच धोतर आहे ते 🙏

सेक्रेटरी पाटील: कृपया कुणाला उद्देशून बोलू नये. शंकर अनेक वर्षं काम करतोय, प्रामाणिक माणूस आहे. मागच्या दिवाळीत जे झालं ते परत नको.

मोहिते बी-३०२: मागच्या दिवाळीत जे झालं ते कुणामुळे झालं हे पण सगळ्यांना माहितीये.

सेक्रेटरी पाटील: मोहिते साहेब तो विषय मीटिंगमध्ये.

निखिल बी-११०४: मी जरा सविस्तर लिहितो, मी चाकणला पेंट शॉपमध्येच आहे त्यामुळे हे रोजचं आहे माझ्यासाठी. कारखान्यातून येते त्या गाडीवर रंगाचे सगळे थर धरून साधारण १०० ते १२० मायक्रॉन जाडी असते, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, तो ४०-५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे गाडीची सगळी चमक केसापेक्षा पातळ थरावर आहे. काकूंचं धोतर मऊच आहे, पण ओरखडा बहुतेक वेळा कापडाने नाही पडत, कापडात अडकलेल्या रेतीने पडतो. आपल्या समोर दोन टॉवर चढतायत, त्यांची क्रश सँड आणि सिमेंटची धूळ रोज काचेवर बसते. ती धूळ सुती कापडात खाली जायला जागा नसते, विण सपाट असते, मग ती कापड आणि रंग यांच्या मधेच राहते आणि आपण वरून दाबून घासतो.

जोशी काकू ए-४०४: म्हणजे माझ्या धोतरामुळे झालं असं म्हणतोयस का तू?

निखिल बी-११०४: नाही नाही काकू. स्वच्छ धोतर ओल्या धुतलेल्या गाडीवर फिरवलं तर एवढं नसतं झालं. कोरड्या धुळीवर कुठलंही फडकं फिरवलं की होणारच.

कुलकर्णी काका ए-२०१: मग ते लाल झुपक्यांचं डस्टर असतं ते? तो आधी त्याने झटकतो.

निखिल बी-११०४: ते पहिलं बंद करा काका. कोरडं झटकणं सगळ्यात वाईट.

जाधव सी-१०२: पाण्याने धुवायला सांगताय आणि टँकर कोण भरणार? बिल बघा आधी.

मोहिते बी-३०२: जाधव, तुमच्या दोन बुलेट रविवारी पाईप लावून कोण धुतं ते पण बघा.

जाधव सी-१०२: माझ्या बुलेट मी बादलीने धुतो. फोटो आहे का तुमच्याकडे?

मोहिते बी-३०२: आहे.

सेक्रेटरी पाटील: 🙏🙏 पाईपला बंदी आहे, सगळ्यांना. ठराव झालेला आहे.

रेवती बी-७०३: निखिल मग घ्यायचं काय ते सांग. ऑनलाइन बघितलं तर शंभर प्रकार येतात, ग्लव्ह, मिट, पॅड, स्पंज, सगळ्यांवर स्क्रॅच फ्री लिहिलंय.

निखिल बी-११०४: धुण्यासाठी मायक्रोफायबरचं शेनील मिट, म्हणजे हातात घालायची पिशवी, तिच्यावर बोटाच्या पेराएवढे जाड झुपके असतात. रेती त्या झुपक्यांच्या मुळाशी जाते, रंगापासून लांब राहते आणि बादलीत बुचकळलं की सुटते. मनगटाला इलॅस्टिक असलेलं घ्या, हातातून पडत नाही. शिवण आतल्या बाजूला हवी, आणि लेबल असेल तर ते मुळापासून कापून टाका, तो प्लास्टिकचा कोपरा चांगलाच ओरखडतो. पिवळा स्पंज नको, त्याचा पृष्ठभाग सपाट असतो, रेती तिथेच चिकटून बसते.

शेखभाई सी-३०५: माझ्या तीन टुरिस्ट गाड्या आहेत, रोज पहाटे धुवून निघतात. मेंढीच्या लोकरीचं मिट पण वापरलंय मी, त्याच्याइतकं मऊ काही नाही खरं, पण केस सुटतात आणि जून-जुलैमध्ये वाळतच नाही, असा वास मारतो की गाडीत ठेवता येत नाही. लोकरीचं घेतलंच तर हाताने धुवा आणि सावलीत वाळवा, नाहीतर कडक होतं, आणि कडक झालेलं परत रंगावर लावू नका. मी आता शेनीलवरच आहे.

कुलकर्णी काका ए-२०१: शेखभाई तुमची ती जुनी पांढरी गाडी अजून शोरूममधून काढल्यासारखी दिसते, मी नेहमी म्हणतो आमच्या हिला.

शेखभाई सी-३०५: 🙏 काका पॅड पण सांगतो. वरचं छप्पर, एसयूव्हीचं, तिथे हात पुरत नाही. त्यासाठी दांडीवाला मायक्रोफायबर पॅड मिळतो. पॅड पाणी जास्त धरतो पण दांडीला जोर किती लागतोय ते हाताला कळत नाही, त्यामुळे पॅडला फक्त सरकवायचं, दाबायचं नाही. बॉनेट आणि दारं मिटनेच.

अमृता ए-६०२: जीएसएम काय असतं ते? ३०० घेऊ का १२००? मी नुसता आकडा मोठा बघून घेणार होते.

निखिल बी-११०४: एका चौरस मीटर कापडाचं वजन, ग्रॅममध्ये. काच आणि डॅशबोर्डला ३००-३५० पुरतं. धुतल्यावर पाणी टिपायला ५०० च्या पुढचं जाड टॉवेल, ते घासायचं नाही, पसरून ठेवायचं आणि उचलायचं. १२०० पण पाणी टिपण्यासाठीच असतं, त्याने धूळ पुसायची नाही. पाकिटावर ८०-२० किंवा ७०-३० लिहिलेलं असतं, ते पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचं प्रमाण, पॉलिअमाइड जास्त असेल तर पाणी जास्त शोषतं. काहीच लिहिलेलं नसेल तर सोडून द्या.

अमृता ए-६०२: आणि खरं मऊ आहे का ते कसं ओळखायचं? दुकानात सगळंच मऊ लागतं.

निखिल बी-११०४: घरात जुनी सीडी असेल तर तिच्या चकचकीत बाजूवर ते कापड कोरडंच दाबून फिरवा आणि उजेडात धरा. रेघा उठल्या तर ते कापड टायरला.

मोहिते बी-३०२: सीडी कुणाकडे उरल्यात आता, जोशी काकूंच्या लग्नाची असेल फक्त.

जोशी काकू ए-४०४: आमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे मोहिते. सीडी तुमच्या मुलाच्या मुंजीची, आम्हाला वाटली होती तुम्ही सगळ्यांना.

सेक्रेटरी पाटील: विषय सोडू नये.

जाधव सी-१०२: विषय टँकरच्या बिलाचा आहे.

निखिल बी-११०४: जाधव साहेब तुमचा मुद्दा बरोबर आहे म्हणून सांगतो, पाईप लागतच नाही. झाडांवर फवारायचा हातपंप घ्या, पाच लिटरचा. त्यात पाणी आणि थोडा पीएच न्यूट्रल, म्हणजे ना आम्ल ना अल्कली असा कार शाम्पू, गाडीवर फवारा आणि दोन-तीन मिनिटं थांबा, धूळ फुगून सैल होते. उन्हात नको, वाळून डाग पडतात. मग दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मिट आधी साध्या पाण्यात खळबळून मग शाम्पूत. वरून खाली यायचं, छप्पर, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग. दाराचा खालचा भाग आणि चाकं शेवटी आणि वेगळ्या मिटने, चाकांवर ब्रेकची धूळ असते तिच्यात लोखंडाचे कण असतात. आणि हात सरळ रेषेत, गोल गोल नाही.

जाधव सी-१०२: पाच लिटरमध्ये होतं?

शेखभाई सी-३०५: पाच लिटर फवाऱ्याला आणि वर दोन अर्ध्या बादल्या. माझ्या होतात.

जाधव सी-१०२: मग ठीक आहे. पण बिल बघा.

रेवती बी-७०३: कपड्याची पावडर चालेल का? शंकर तीच टाकतो.

निखिल बी-११०४: नको, भांड्याचं लिक्विड पण नको. वॅक्स असेल तर काढून टाकतात. आणि पक्ष्याची शीट हिरव्या घासणीने तर अजिबात नाही, ओला टिश्यू ठेवा, मऊ होऊ द्या, उचला.

मोहिते बी-३०२: हिरवी घासणी कुणी वापरली?

निखिल बी-११०४: नाव घेत नाही.

रेवती बी-७०३: पण माझे पडलेले ओरखडे जातील ना? डिटेलिंगवाले, म्हणजे गाडी पॉलिश करून चमकवून देणारे, सगळं जाईल म्हणतात.

निखिल बी-११०४: नख फिरवून बघ. नख अडकत नसेल तर बहुतेक पॉलिशने जातील. पण पॉलिश म्हणजे तोच क्लिअर कोट काही मायक्रॉन उतरवणं, दर वर्षी करत बसलीस तर थरच संपेल. आधी धुणं सुधार, मग एकदाच पॉलिश कर.

शेखभाई सी-३०५: मी एक बोलू का. शंकरला आपण महिन्याला गाडीमागे सहाशे देतो. पहाटे चारपासून सातपर्यंत त्याला चाळीस गाड्या आणि बेसमेंटला नळ एकच. फडकं आपण देत नाही, शाम्पू देत नाही, बादली त्याची स्वतःची. तो वेगवेगळी फडकी कुठून आणणार? मी स्वतः ते काम केलंय, मला माहितीये त्या थंडीत बोटांचं काय होतं.

अमृता ए-६०२: अगदी बरोबर शेखभाई.

रेवती बी-७०३: मी त्याला काही बोलले नाहीये, इथेच लिहिलं. मलाही वाईट वाटतंय. ज्याची गाडी त्याचं सामान असं करूया का?

सेक्रेटरी पाटील: चांगली सूचना. खांबाला हूक लावून घेतो, पिशवीवर फ्लॅट नंबर. पण सोसायटीच्या खर्चातून सामान नाही.

मोहिते बी-३०२: हूक सोसायटीच्या खर्चातून ना? की त्यालाही तीन कोटेशन?

सेक्रेटरी पाटील: हूक माझ्याकडून. बस?

शेखभाई सी-३०५: आणि रोज पुसणं बंद करूया. आठवड्यातून दोनदा नीट धुवू दे, बाकी दिवशी फक्त काचा. पैसे तेवढेच द्यायचे, कापायचे नाहीत.

कुलकर्णी काका ए-२०१: रोज पुसलेली बरी वाटते हो सवयीने. पण चालेल.

जाधव सी-१०२: पाणी वाचेल. मान्य.

निखिल बी-११०४: फडकी घरी धुताना वेगळी धुवा, सुती कपड्यांबरोबर नको, त्यांचे तंतू चिकटतात. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, शोषण कमी होतं. इस्त्री नको. जमिनीवर पडलं तर झटकून परत गाडीला लावायचं नाही, धुवायला टाकायचं. हे शंकरला मी स्वतः सांगतो शनिवारी, कुणी ओरडू नका त्याच्यावर.

जोशी काकू ए-४०४: मग माझ्या धोतराचं काय करू?

शेखभाई सी-३०५: काकू इंजिन बे, म्हणजे बॉनेटखालची जागा, पुसायला द्या मला, तिथे सुती चालतं.

जोशी काकू ए-४०४: अजून दोन आहेत, संध्याकाळी पाठवते. आणि थालीपीठ पण.

रेवती बी-७०३: मी एकत्र ऑर्डर टाकते. गाडीमागे दोन शेनील मिट, एक जाड टॉवेल, दोन काचेची फडकी. ज्यांना हवं त्यांनी नंबर टाका. रंग कुठला घेऊ?

निखिल बी-११०४: वरच्या भागाला फिका, माती लगेच दिसते आणि कधी खळबळायचं ते कळतं. खालच्या भागाला गडद, म्हणजे अदलाबदल होणार नाही.

कुलकर्णी काका ए-२०१: ए-२०१, एक संच. पैसे सोसायटीच्या खात्यात टाकू का?

सेक्रेटरी पाटील: नको नको. रेवतीकडेच द्या.

जाधव सी-१०२: सी-१०२, फक्त मिट. बुलेटसाठी.