आधी पास, मग बास्केट
एकांनी लिहिलंय की बास्केटबॉल शिकवताना आठवी-नववीच्या मुलांना पहिल्याच दिवशी शूटिंग, म्हणजे बास्केटमध्ये बॉल टाकणं, द्यावं, नाहीतर ती कंटाळतात. मला हे पटत नाही. मी दादरला एका शाळेत शनिवारी सकाळी शिकवते. पहिले दोन आठवडे आम्ही ड्रिबल, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत पुढे नेणं, बंदच ठेवतो. तीन विरुद्ध तीन, नुसते पास, आणि तिघांच्याही हाताला बॉल लागल्याशिवाय बास्केट मोजायची नाही. सुरुवातीला चिडचिड होते, पण मग हातात बॉल नसलेली पोरं आपणहून मोकळ्या जागेत पळायला लागतात. खरा खेळ तिथेच सुरू होतो! एक मुलगी महिनाभर कोपऱ्यात गप्प उभी असायची. परवा तिने दोन्ही हात वर करून "इकडे, इकडे!" असं ओरडून पास मागितला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मुलींना मात्र ६ नंबरचाच बॉल द्या. बऱ्याच शाळांत मुलांचा मोठा ७ नंबरचा सगळ्यांना देतात, मग ताकद लावून खांद्यातून फेकायची सवय लागते आणि ती लवकर सुटत नाही. पावसाळ्यात कोर्ट निसरडं झालं तर पॅसेजमध्ये चेस्ट पास (छातीपासून दोन्ही हातांनी दिलेला पास) आणि पिव्होट (एक पाय जागेवर ठेवून वळणं) घ्या. आणि एकदा पोरांना मुंबईतल्या नागपाड्याला सामना बघायला न्याच, तिथे या खेळाचं वेड पिढ्यान्‌पिढ्या आहे.