'प्रसारण' की 'प्रसरण'? आणि लॅमिनेटला मराठीत काय म्हणावं?

भाच्याच्या प्रोजेक्टचं शीर्षक: 'स्तरित तंतु-प्रबलित संमिश्रांचे औष्णिक प्रसारण वर्तन'. म्हणजे रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या राळेत) कार्बनचे धागे बसवून थरावर थर चिकटवलेलं लॅमिनेट तापल्यावर किती वाढतं ते. वाचून दम लागला. सुटसुटीत काही सुचवा.

– आधी 'प्रसारण' काढा, ते आकाशवाणीचं. तापून वाढतं ते प्रसरण. 'वर्तन'ही नको, कार्बनच्या पट्टीला चारित्र्याचा दाखला लागत नाही.

– शाळेच्या पुस्तकात पाण्याचं 'असंगत आचरण' चालतं की!

– चालतं, पण तिथेही मला ते खटकतंच. खरी अडचण काँपोझिटसाठी वापरलेल्या 'संमिश्र'ची. शाळेत संमिश्र म्हणजे पितळ, कांसं. वितळून एकजीव झालेलं. इथे धागा धागाच राहतो, रेझिन रेझिनच. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटला जुने लोक 'सलोह काँक्रीट' म्हणत. त्याच चालीवर 'सतंतु रेझिन' का नको?

– 'सतंतु' आवडला. पण सलोहमध्ये एक सोय आहे. लोखंड दर अंशाला दहा लाखांत १२ भाग वाढतं, काँक्रीट साधारण १०, म्हणून दोघांचं जमतं. इपॉक्सी, म्हणजे इथलं रेझिन, वाढतं ५०-६० भाग, आणि कार्बनचा धागा लांबीत तापल्यावर किंचित आखडतो! म्हणजे त्याचा प्रसरणांक ऋण. त्यामुळे नुसतं 'प्रसरण' म्हणून भागत नाही, 'धाग्याच्या अंगाने' की 'धाग्याला आडवं' ते सांगावं लागतं. पहिलं जवळजवळ शून्य, दुसरं ३०च्या आसपास.

मी हे काम केलंय. एक पदर उभा, त्यावर एक आडवा, असा पातळ चौकोनी तुकडा १८० अंशांवर भाजला. भट्टीत सपाट होता, गार झाल्यावर पन्हळीसारखा वळला. साहजिक आहे. सुटा पदर गार होताना धाग्याला आडवा मीटरमागे साडेचार मिलिमीटर आखडू बघतो, आणि शेजारचा पदर त्याच दिशेला हलायला तयार नसतो. गंमत म्हणजे वळलेला तुकडा अंगठ्याने दाबला की टक्‌ करून दुसऱ्याच दिशेला पन्हळ व्हायचा. उभा-आडवा-आडवा-उभा असे चार पदर लावले की दोन्ही अंगांची ओढ सारखी होते आणि तुकडा सपाट राहतो.

– तुम्ही 'थर' न म्हणता सहज 'पदर' म्हणालात!

– थर हंडीचे, नाहीतर धुळीचे. एकावर एक साचलेले. पदर घडीच्या पोळीचे, दोरीचे. एकमेकांना धरून असलेले. शिवाय पदर 'सुटतो', आणि या मालाचा मोठा रोग तोच.

– मग भाच्याला 'पदरी सतंतु रेझिनचे उष्णतेने होणारे प्रसरण' सांगू?

– सांगा. फक्त 'पदरी'च्या आधी 'बहु' लावा. नाहीतर गाइड विचारतील, कोणाच्या पदरी?